बदली एकाची, बिऱ्हाड कोणाच्या डोक्यावर?

पायवाट
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मला कंपनीने तीन वर्षांसाठी परदेशातल्या कचेरीत जाणार का विचारलंय. पद वरचं, काम आवडीचं. नवरा त्याच्या नोकरीत सुखात आहे, लेक आठ वर्षांची. ही बातमी ज्याला ज्याला सांगितली त्याने पहिल्यांदा विचारलं, "मग त्याचं काय?" आणि लगेच, "मग लेकीचं काय?" चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ असाच गेला, भावजयीने चांगली नोकरी सोडली. तेव्हा 'अभिनंदन' सोडून कोणी काही बोलल्याचं आठवत नाही. मीही तिला काही विचारलं नव्हतं, आणि ते आत्ता टोचतंय.

नवऱ्याची ना नाही. "काही वर्षं मी घर बघतो की," म्हणाला. पण 'घर बघणं' म्हणजे काय, याचं आमच्या दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच आहे असं मला वाटत नाही.

तर सांगा. तुमच्याकडे कोणाच्या नोकरीमागे कोण गेलं? आणि देश बदलल्यावर घरातली कामं नव्याने वाटली गेली, की जुनीच वाटणी सामानात बांधून नेलीत?

तिरकस
भावजयीने नोकरी सोडली तेव्हा धागा का नाही काढलात? (दिवे घ्या.)

पायवाट
घेतले. बरोबर जागी मारलंत.

मुक्कामपोस्ट
तुमच्याकडे होऊ घातलंय तेच आमच्याकडे होऊन गेलंय. बायको संशोधनासाठी गेली, मी 'डिपेन्डन्ट' म्हणून मागोमाग. पहिले काही महिने मला कामाचा परवाना नव्हता. व्हिसाच्या कागदावर तो शब्द छापलेला असतो आणि वाचून जे व्हायचं ते होतंच. आपल्या आधी कितीतरी बायकांनी तो कागद निमूट घडी घालून पाकिटात ठेवला. मी मात्र तो महिनाभर उघडून बघत होतो.

पण गंमत सांगतो. मी मुलाला बागेत नेलं की बाकीच्या आया कौतुक करायच्या. डबा भरला, कौतुक. वेणी घालायला शिकलो (थोरली मुलगी आहे), तेव्हा तर सत्कारच व्हायचा बाकी होता. बायको संध्याकाळी दमून यायची आणि तिला विचारलं जायचं, "मुलांसाठी वेळ मिळतो का गं?" माल एकच, भाव दोन. पहिलं वर्षभर मी त्या कौतुकावर मजेत होतो, खोटं कशाला बोलू.

आता तुमचा मूळ प्रश्न. कामं वाटली गेली का? हात वाटले गेले, डोकं नाही. मी सगळं करायचो, पण काय करायचं हे तिच्या डोक्यात असायचं. लस कधीची, बूट कधी तोकडे झाले, कोणत्या बाईंना काय कळवायचं. ती प्रयोगशाळेतून मेसेज टाकायची आणि मी हजर. मी स्वतःला मोठा आधुनिक समजत होतो, होतो फक्त तिचा कामसू कनिष्ठ. हे तिनेच एकदा सुनावलं तेव्हा कळलं.

नीलपक्षी
'हात वाटले गेले, डोकं नाही.' कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवते. घरात कोणाला काय समजायचं ते समजो.

गणिती
आकडे लागतीलच, तर घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालाप्रमाणे बिनपगारी घरकाम आणि माणसं सांभाळणं यात जगातली बाई दिवसाला सरासरी ४ तास २५ मिनिटं घालवते, पुरुष १ तास २३ मिनिटं. सगळं मिळून रोजचे १६.४ अब्ज तास. म्हणजे २ अब्ज माणसांनी दररोज आठ तास फुकट राबायचं. त्यातले तीन चतुर्थांशांहून जास्त तास बायकांचे.

आणि मुक्कामपोस्ट म्हणतात ते 'डोकं' यात मोजताच येत नाही. वेळेची पाहणी करणारा विचारतो, दहा ते अकरा काय केलंत? "मीटिंगमध्ये बसून लसीची तारीख आठवत होते" हे उत्तर तो कुठल्या रकान्यात टाकणार? कागदोपत्री ती मीटिंगच.

तिरकस
आमच्या मीटिंगा पाहता लसीची तारीख आठवणं हेच त्या तासातलं एकमेव काम असतं.

स्थितप्रज्ञ
सगळं मान्य, पण नेहमीप्रमाणे एकच बाजू. घर सोडून परमुलखात राबणाऱ्या पुरुषाचं काय? मी अकरा वर्षं कुटुंबापासून लांब कामावर होतो. पगाराचा मोठा हिस्सा घरी. मुलगी चालायला लागली ते फोनच्या पडद्यावर पाहिलं. कमावणं हे ओझंच आहे, आणि ते खाली ठेवायची मुभा पुरुषाला नाही. पायवाटताई उद्या नको म्हणाल्या तर लोक म्हणतील, घराचा विचार केला. मी नको म्हटलं असतं तर काय म्हणाले असते, तुम्हीच सांगा.

गवतफूल
+१. हेही बोललं गेलं पाहिजे.

चांदणझुला
स्थितप्रज्ञ, तुमचं दुःख खोटं नाही. मीही नऊ वर्षं लांब होते. नर्स आहे. पैसे मीही पाठवले, पण माझ्या वाट्याला "पोराला टाकून गेली" हे वाक्य आलं. तुमच्याबद्दल असं कोणी म्हटलं का?

तुमचा फोन आला की घरी आनंद होत असणार, बाबांचा फोन! माझा फोन म्हणजे ड्यूटी होती. गृहपाठ झाला का, ताप किती आहे, नखं कापली का, बाईंनी वहीत काय शेरा दिलाय. रात्रपाळी संपवून व्हिडिओ कॉलवर पाढे घ्यायचे. पडद्यासमोर त्याला बोटं पसरायला लावून नखं बघायचे. तुम्हाला लांब राहून बाप राहता आलं. मला लांब राहून रोज आई असल्याचं सिद्ध करावं लागलं.

आणि मूल कोणाकडे होतं? नवरा त्याच शहरात असून मूल माझ्या धाकट्या बहिणीकडे. "त्याला कसं जमणार" हे माझ्या आईने ठरवलं. मीही मान डोलावली. नवऱ्याला कोणी विचारलंच नाही, आणि त्यालाही ते सोयीचं पडलं.

स्थितप्रज्ञ
पटलं. नखांचं अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही मी.

नीलपक्षी
चांदणझुला, टडोपा (टचकन डोळ्यांत पाणी).

वाचस्पती
चांदणझुला यांनी जे लिहिलंय त्याला समाजशास्त्रात नाव आहे. आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन अभ्यासक बाईंनी २००० च्या सुमाराला 'ग्लोबल केअर चेन' हा शब्दप्रयोग रूढ केला. आपण 'मायेची साखळी' म्हणू. एका श्रीमंत देशातली बाई कामाला बाहेर पडते. तिचं मूल सांभाळायला फिलिपिन्ससारख्या देशातून दुसरी बाई येते. त्या दुसरीचं मूल तिकडे कमी पगारावरची तिसरी बाई सांभाळते. त्या तिसरीचं मूल तिची थोरली मुलगी, शाळा बुडवून. प्रत्येक टप्प्यावर पैसे कमी होत जातात आणि शेवटच्या कडीला काहीच मिळत नाही.

साखळीत पुरुष कुठे? बहुधा विमानतळावर सोडायला.

जगात पगारी घरकामगार साधारण ७.५६ कोटी आहेत, त्यातल्या चारांतल्या तीन बायका (श्रम संघटनेचाच २०२१ चा अंदाज). त्यांना इतर कामगारांसारखेच हक्क असावेत यासाठीचा जागतिक करार, क्रमांक १८९, मंजूर व्हायला २०११ साल उजाडलं. गिरणीतल्या कामगाराचे तास ठरवणारा पहिला करार १९१९ चा! घरातलं काम हे 'काम' आहे एवढं कागदावर यायला ९२ वर्षं. त्यामुळे 'बाई घराबाहेर पडली, घरकाम समान झालं' असं कोणी म्हटलं की मी विचारतो, समान झालं की दुसऱ्या बाईकडे सरकलं?

गवतफूल
पण मग काय, कामाला बाई ठेवायचीच नाही का? तिलाही नोकरी हवी असतेच ना.

वाचस्पती
ठेवा की. पगार, सुट्टी, करार नीट द्या. मी फक्त 'आमच्याकडे समानता आहे' या पाटीबद्दल बोलतोय.

खडूस आजी
साखळीची शेवटची कडी इथे टंकते आहे. वय ७१. तीन नातवंडं, दोन खंड, प्रत्येक बाळंतपणाला जवळपास सहा महिने. पासपोर्टवर शिक्का पर्यटकाचा. पर्यटनात काय पाहिलं? कपडे धुवायचं यंत्र, चार प्रकारचं. आमचे हे एकदा आले होते, तीन आठवड्यांत कंटाळून परत गेले. मग मी तिथून फोनवर त्यांना औषधांच्या वेळा सांगायची. दोन्ही घरं मीच चालवली, एक हाताने आणि एक तोंडाने.

पण पोरींनो, मला बिचारी करू नका. मी आवडीने गेले. लेकीचं शिक्षण वाया जाऊ नये असं मलाच वाटत होतं. फक्त एक सांगते, तिन्ही वेळा तिकिटाची तारीख विचारली गेली. 'यायचंय का' हे कोणी विचारलं नाही.

तिरकस
आजी, व्हिसाच्या अर्जात 'भेटीचा उद्देश' काय लिहायचात?

खडूस आजी
स्थळदर्शन. खोटं नाही, तिन्ही बाळं बघण्यासारखी होती.

उत्तरध्रुव
स्वीडनमधून लिहितोय. इथे १९७४ मध्ये 'मातृत्व रजा' बंद करून 'पालक रजा' सुरू केली, आई-बाप दोघांसाठी. पण बरीच वर्षं झालं काय, की रजा दोघांची आणि घ्यायची आईने. १९९५ मध्ये एक महिना असा काढला की तो दुसऱ्याच्या नावे करताच येत नाही. वापरा नाहीतर बुडाला. आज एका मुलामागे ४८० दिवस असतात, त्यातले प्रत्येकी ९० राखीव. रजा बुडेल म्हटल्यावर बाप घरी बसले. प्रबोधनाने जे झालं नाही ते बुडीत खात्याच्या भीतीने झालं.

मी सात महिने घेतले. साहेबाला भीत भीत सांगायला गेलो, तो म्हणाला, "कधीपासून?" विषय संपला. पण माझ्याच टीममधला, दुसऱ्या देशातल्या कचेरीत बसणारा सहकारी, त्याच महिन्यात बाप झाला. त्याला दहा दिवस. तोही अकराव्या दिवशी मीटिंगला हजर, डोळे लाल. कंपनी जागतिक, बाळंतपण स्थानिक.

कानामात्रा
कायदा असला की झालं असंही नाही. जपानमध्ये बापाला मूल वर्षाचं होईपर्यंत रजेचा हक्क कितीतरी वर्षांपासून आहे. २०१२ मध्ये ती घेणारे २ टक्केसुद्धा नव्हते. २०२३ मध्ये आकडा ३० टक्क्यांवर गेला. मधल्या बदलांपैकी एक मला फार आवडतो. २०२२ पासून कंपनीवर बंधन आलं की ज्याच्या घरी मूल होणार आहे त्याला व्यक्तिशः सगळी माहिती द्यायची आणि रजा घेणार का हे आपणहून विचारायचं.

खडूस आजी, विचारण्यात किती असतं बघा.

रात्रपाळी
माझा नवरा एका खंडाशी बांधलेला, मी दुसऱ्या. त्याच्या मुख्यालयात सकाळ झाली की आमची रात्र, माझ्या मुख्यालयाची दुपार म्हणजे आमची पहाट. घर एक, घड्याळं तीन. क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हा त्यांची एक संकल्पना वाचली आणि जागच्या जागी बसले. 'हावरट नोकरी.' जी नोकरी रात्री-अपरात्री हाक मारते आणि धावून जाणाऱ्यालाच घसघशीत पैसे देते, ती. घरात दोघांनी तसली नोकरी केली तर मुलाकडे कोणी नाही. दोघांनी नाकारली तर पैसा हातचा जातो. मग एक जण हावरट नोकरी धरतो आणि दुसरी जण वाकेल तशी.

आमच्याकडे रात्री साडेनऊला दोघांनाही कॉल असेल तर कोणाचा मोठा? ज्याचा पगार मोठा. आणि पगार मोठा का? कारण इतकी वर्षं साडेनऊचा कॉल त्यानेच घेतला. यात कोणी वाईट माणूस नाही, हेच वाईट आहे. भांडू कोणाशी?

तिरकस
घड्याळाशी.

बोरूबहाद्दर
अवांतर: 'डिपेन्डन्ट'ला चांगला मराठी शब्द सुचवा. 'अवलंबित' सरकारी वाटतो, 'आश्रित' म्हणजे दारात उभं केल्यासारखं.

गवतफूल
'सहचर'?

तिरकस
नुसता 'चर' असला असता तर निदान चरायचा परवाना मिळाला असता.

बोरूबहाद्दर
णिषेध! पण हसलो.

दोघीजणी
शब्दावर विनोद चाललेत म्हणून लिहिते. आमच्या घरात आम्ही दोघी आहोत. 'बायकांची कामं' असं वेगळं काही उरलंच नाही, त्यामुळे जिला जे कमी नकोसं वाटतं ते ती करते. भांडतोही भरपूर. पण हिची बदली निघाली तेव्हा त्या देशाच्या लेखी आम्ही एकमेकींच्या कोणीच नव्हतो. माझ्या कागदावर 'डिपेन्डन्ट' छापून आलं असतं तर मी तो कागद भिंतीला लावला असता.

मुक्कामपोस्ट
दोघीजणी, हे वाचून माझा वरचा प्रतिसाद जरा ओशाळवाणा वाटतोय. असू दे तसाच.

कलमनवीस
धागा रंगलाय, पण पायवाटताईंसाठी एक कोरडी गोष्ट सांगतो. माझं कामच हे आहे.

मुलाला घेऊन परदेशी राहायला गेलात की थोड्या काळाने तो देश मुलाचा 'नेहमीच्या वास्तव्याचा देश' ठरू शकतो. पुढे दोघांचं बिनसलं आणि एक जण दुसऱ्याच्या संमतीशिवाय मुलाला घेऊन मायदेशी परतला, तर १९८० च्या हेग करारानुसार मुलाला परत पाठवण्याचा आदेश निघू शकतो. अर्थात दोन्ही देश त्या करारात असतील तर. ताब्याचा निवाडा मग तिथल्या कोर्टात.

करार लिहिताना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होता तो मुलाचा ताबा न मिळाल्याने चिडून मूल पळवणारा बाप. प्रत्यक्षात नंतर जी प्रकरणं आली त्यात मूल घेऊन जाणाऱ्या बहुतांश आया निघाल्या, आणि त्यातल्या पुष्कळजणी रोज मूल सांभाळणाऱ्याच. नवऱ्याच्या नोकरीमागे गेलेली, स्वतःची कमाई नाही, नातलग नाहीत, मुलाला सोडून परतता येत नाही आणि घेऊनही परतता येत नाही. हे मी टेबलापलीकडे बसलेल्या बायकांकडून ऐकलंय.

तुमच्या घरात मागे येणारा तो आहे, म्हणजे अडकू शकणारा तो आहे. सुखात असतानाच दोन गोष्टी बघून ठेवा. त्याला तिथे काम करता येईल का, आणि व्हिसा फक्त तुमच्या नोकरीला टांगलेला आहे का.

पायवाट
कलमनवीस, हे डोक्यातच आलं नव्हतं. नवऱ्याला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "हे भावजयीला कोणी सांगितलं होतं का?"

सांजसकाळ
मी एक चाचणी सुचवते. शाळेचा फोन कोणाला येतो? आमच्या अर्जावर पहिला नंबर नवऱ्याचा आहे, दुसरा माझा. मूल आजारी पडलं की फोन मला. देश बदलला, शाळा बदलली, फोन करणारीची भाषा बदलली, तरी फोन मलाच. एकदा मी दुसऱ्या देशात कामावर होते आणि नवरा शाळेपासून दहा मिनिटांवर. तेव्हाही मलाच. मी तिथून त्याला फोन केला आणि तो म्हणाला, "मला कोणी कळवलंच नाही."

गणिती
हा आकडा मात्र मोजता येईल. पायवाट, जाऊन आल्यावर कळवा: शंभरात किती फोन कोणाला.

पायवाट
दोन महिन्यांनी परत आले. विचारपूस करणाऱ्या सगळ्यांचे आभार, आता एकदमच सांगते.

आम्ही जायचं ठरवलं. सही करण्याआधी जोडीदाराच्या कामाच्या परवान्याचं कंपनीकडून लेखी घेतलं. मागितलं तेव्हा पलीकडची व्यक्ती म्हणाली, असं सहसा कोणी मागत नाही.

दुसरं, इथे असतानाच महिनाभर रंगीत तालीम केली. घर त्याच्याकडे, डोक्यासकट. मी काही आठवण करून द्यायची नाही. नवव्या दिवशी त्याने विचारलं, लसीचं कार्ड कुठे आहे? मी उत्तर दिलं नाही. त्याने अर्धा तास शोधलं, सापडलं, आणि मग स्वतःची एक फाइल केली, मला मुळीच न पटणाऱ्या क्रमाने. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचं विचारणं थांबलं होतं. माझं सांगणं थांबेना. लेक एकदा दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून शाळेत गेली आणि मला दिवसभर चैन नाही. तिला फरकही पडला नव्हता. मुक्कामपोस्ट, तुमच्या बायकोला विचारा, तिला डोकं सोडणं सोपं गेलं का?

नव्या शाळेचा अर्ज भरलाय. फोन नंबराच्या दोन्ही रकान्यांत त्याचाच नंबर.

मुक्कामपोस्ट
विचारलं. म्हणाली, "तुला सांगायचं बंद केलं, पण यादी अजून आहे."

तिरकस
बाकी ठीक. भावजयीला विचारलंत का शेवटी?

पायवाट
विचारलं. म्हणाली, चार वर्षांत तुम्ही पहिल्या. धागा पाठवला तिला, आयडी घेते म्हणाली.

आलेच
नमस्कार, मीच ती भावजय. आधी तिरकस यांचे आभार, दुसऱ्याच ओळीत माझी आठवण काढल्याबद्दल. ताईंवर राग नाही.

मूळ प्रश्नाला माझं उत्तर असं, की नोकरी त्याची, मागे मी गेले. मला आता कामाचा परवाना मिळालाय आणि कामही, आधीच्या पदापेक्षा दोन पायऱ्या खालचं. मुलाखतीत चार वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं तेव्हा मी काय सांगितलं ते लिहिण्यासारखं आहे. पण आत्ता मुलाच्या शाळेतून फोन येतोय, रात्री लिहिते.